गृहस्टुडिओतील साधनशुचिता
घरच्या घरी संगीतनिर्मिती करू इच्छिणारा साधक प्रथम ६४ जीबी रॅमचा संगणक घेतो आणि मग ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोनकडून आलेल्या विद्युतसंकेताचे अंकांत रूपांतर करणारी पेटी, सेकंदाला १,९२,००० नमुने टिपणारीच हवी असा हट्ट धरतो. वस्तुतः मानवी कानाची धाव सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतच असल्याने सीडीला त्याच्या दुपटीहून थोडे अधिक, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने पुरले होते. एवढ्या सूक्ष्मतेने अखेर मुद्रित होतो तो छताचा पंखा आणि शेजारच्या कुकरची शिट्टी, जी बहुधा सुरातही नसते. बीटल्सनी १९६७चा 'सार्जंट पेपर्स' हा अल्बम चार ट्रॅकच्या, म्हणजे चारच स्वतंत्र ध्वनिपट्ट्या सांभाळणाऱ्या, टेपयंत्रांवर केला. साधकाच्या संगणकात शेकडो ट्रॅक मावतात, केवळ गाणे व्हायचे बाकी आहे. त्याने तूर्त खोलीला जाड पडदे लावावेत.