कर्ता कोण?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं आम्ही ठरवलं, तेव्हा नातेवाइकांना सगळ्यात जास्त काळजी गणिताची वाटेल असा माझा अंदाज होता. तसं झालं नाही. गणित आपल्याला येत नाही हे लोक मोकळेपणाने, काही जण तर अभिमानाने सांगतात आणि बाजूला होतात. व्याकरणाचं तसं नाही. मराठी सगळ्यांना बोलता येतं आणि व्याकरणावरून छड्याही सगळ्यांनी खाल्लेल्या असतात. त्यामुळे मुलांना व्याकरण कुठल्या पुस्तकातून शिकवावं याबद्दल आमच्या घरात माणसांपेक्षा एक मत जास्त आहे. ते जास्तीचं मत माझं. मला दोन आहेत.

पुस्तक आणायला मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेलो. तिथे पुस्तकाच्या आधी काउंटरवर प्रश्न येतात.

"कितवी?"

"इयत्ता नाही हो. मुलगी दहा वर्षांची आहे, मुलगा सात."

"बोर्ड कुठलं?"

"बोर्ड नाही."

"मीडियम?"

"मीडियम... घर."

दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मागे वळून पोऱ्याला ओरडून सांगितलं, "एमपीएससीचं दे रे यांना!"

अशा रीतीने मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण व लेखन' आमच्या घरी आलं. स्पर्धा परीक्षांना बसणारी तरुण मंडळी हे पुस्तक उशाशी घेऊन झोपतात. थोरलीला हे कुठूनसं कळलं आणि व्याकरण पूर्ण झालं की माणूस तहसीलदार होतो, अशी तिची समजूत झाली. पहिल्या धड्याच्या शेवटी तिने मला सातबारा म्हणजे काय ते विचारलं. मला मात्र पुस्तक आवडलं. नियम, उदाहरण, पुढचा नियम. शिकवणाऱ्याला स्वतः काही माहीत असण्याची फारशी गरज पडत नाही. घरी शिकवणाऱ्या बापाला याहून मोठा आधार कोणता?

सासरे मात्र नाराज झाले. ते मराठीचे निवृत्त शिक्षक. "मुळापासून शिकवा," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' घेऊन आले. हे पुस्तक १९११ सालचं, आणि ते उचलायचं तर आधी मांडी ठोकून बसावं लागतं. दामल्यांनी त्यात आपल्या आधीच्या व्याकरणकारांची मतं एकेक करून तपासली आहेत आणि जिथे पटलं नाही तिथे कुणाचीही भीड ठेवलेली नाही. सासऱ्यांना व्याकरणापेक्षा तो वाद जास्त आवडतो, असा मला संशय आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा ते जेमतेम बाविशीत होते, हेही त्यांनी मला ऐकवलं. मी बाविशीत काय करत होतो, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तेव्हा मी त्यांच्याच गल्लीत विनाकारण सायकलच्या फेऱ्या मारत होतो.

बायकोचं म्हणणं वेगळं. तिला शाळेत व्याकरणाने रडवलं होतं, म्हणून मुलांचं व्याकरण हसतखेळत व्हायला हवं. तिने माँटेसोरी पद्धत काढली. या पद्धतीत प्रत्येक शब्दजातीला एक आकार आणि एक रंग असतो. नाम म्हणजे काळा त्रिकोण, क्रियापद म्हणजे लाल गोळा. वाक्यातल्या शब्दांवर मुलांनी ते आकार मांडायचे. दोन रात्री जागून तिने पुठ्ठा आणि घोटीव कागद कापला. अडचण एवढीच, की हे आकार मराठीच्या मापाने बेतलेले नाहीत. इंग्रजीतल्या 'अ', 'अ‍ॅन', 'द'साठी एक छोटा निळा त्रिकोण असतो. मराठीत त्याला काहीच काम नाही. ते सगळे बेकार त्रिकोण धाकट्याने ताब्यात घेऊन त्यांचे पतंग केले. मग आली प्रीपोझिशनची हिरवी चंद्रकोर. ती इंग्रजीत नामाच्या आधी येते, स्वतंत्र. आमचं वाक्य होतं, 'मांजर टेबलाखाली बसलं.' आता 'खाली' तर टेबलाला चिकटलेलं. थोरलीने चंद्रकोर त्रिकोणाच्या शेपटीला डिंकाने चिकटवली. सासरे चष्मा पुसून पुढे सरसावले. म्हणाले, "मूळ शब्द टेबल. 'टेबला' हे सामान्यरूप आहे. तेव्हा तो त्रिकोण जरा वाकवा."

त्रिकोण वाकवायचा कसा, यावर तो दिवस गेला.

टेक्सासात राहणारी मेहुणीही तिच्या मुलींना घरीच शिकवते. तिथे घरी शिकवायला सरकारकडे नोंदणी लागत नाही. मात्र वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व हे पाच विषय शिकवावे लागतात. या यादीत व्याकरण नागरिकत्वाच्याही आधी येतं, यावर सासरे फार खूश झाले. एरवी ते अमेरिकेबद्दल बरं बोलत नाहीत. मेहुणीने व्हिडिओ कॉलवर वाक्याचा नकाशा काढायला शिकवला. ब्रुकलिनच्या रीड आणि केलॉग या दोन मास्तरांनी १८७७ साली ही पद्धत पुस्तकातून मांडली. एक आडवी रेघ मारायची आणि ती छेदणारी एक उभी रेघ. उभ्या रेघेच्या डावीकडे कर्ता, उजवीकडे क्रियापद. बाकीचे शब्द खाली तिरप्या रेघांवर लोंबकळतात.

सगळ्याच पद्धतींची एकदा परीक्षा घ्यावी, म्हणून मी साधंसं वाक्य दिलं: 'मला भूक लागली.'

"डावीकडे काय लिहू?" थोरलीने विचारलं. "मी की भूक?"

"लागणारी कोण?" सासरे म्हणाले. "भूक. म्हणून भूक हा कर्ता."

"पण लागली तर मला!"

"तू चतुर्थीत आहेस."

धाकट्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि आईला सांगितलं, की पोहे झाले असतील तर आधी भुकेला वाढ.

मुलांचा उत्साह मावळतोय हे पाहून सासऱ्यांनी गोष्ट सांगायला घेतली. गोष्ट 'कथासरित्सागरा'तली, म्हणजे सोमदेवाची, पण घडते आपल्या पैठणला. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः'. म्हणजे 'मा उदकैः', पाण्याने मारू नका. राजाला तो संधी सोडवता आला नाही. त्याने तातडीने मोदक मागवले. राणी हसली, राजाने अंथरूण धरलं आणि व्याकरण शिकल्याशिवाय उठणार नाही असं त्याच्या मनाने घेतलं. दरबारात चर्चा झाली. व्याकरणाला बारा वर्षं लागतात, पण मी सहा वर्षांत शिकवतो, असं गुणाढ्य पंडित म्हणाला. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. जमलं नाही तर बारा वर्षं राजाच्या पादुका डोक्यावर वाहीन. गुणाढ्यानेही पैज लावली, की तू हे करून दाखवलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी तिन्ही भाषा सोडेन. शर्ववर्म्याने कार्तिकेयाला प्रसन्न करून 'कातंत्र' हे सोपं व्याकरण मिळवलं आणि सहा महिन्यांत राजाला पंडित केलं.

गोष्ट ऐकून मी सुन्न झालो. झटपट कोर्सची जाहिरात, हरलो तर पादुका वाहीन ही हमी, आणि सहा वर्षांचा मजबूत अभ्यासक्रम सोडून सहा महिन्यांचा घेणारं गिऱ्हाईक: सगळं पैठणला आधीच होऊन गेलं होतं! पैज हरलेला गुणाढ्य पुढे विंध्याच्या अरण्यात गेला आणि त्याने पैशाची भाषेत 'बृहत्कथा' रचली. म्हणजे व्याकरणाच्या शिकवणीत ज्याचा धंदा बसला, त्यानेच गोष्टींचा सगळ्यात मोठा ग्रंथ लिहिला. मला वाटलं, मुलं हेच तात्पर्य काढतील.

"म्हणजे," धाकटा म्हणाला, "व्याकरण येत नसलं की मोदक मिळतात?"

त्यानंतर बरणीचं प्रकरण झालं. स्वयंपाकघरातून आवाज आला. आम्ही धावलो, तर फरशीवर कैरीचं लोणचं पसरलेलं आणि मधोमध धाकटा उभा.

"बरणी फुटली," तो म्हणाला.

"कुणी फोडली?" मी.

"फुटणारी कोण?" धाकट्याने शांतपणे विचारलं. "बरणी. म्हणून बरणी कर्ता."

"उत्तर अचूक आहे!" सासरे भारावून म्हणाले. बायको तेव्हा गुडघ्यांवर बसून तेल पुसत होती. तिने बापाकडे असं पाहिलं, की त्या नजरेचा प्रयोग दामल्यांनाही ओळखता आला नसता.

'फोडणे' म्हटलं की माणूस सापडतो आणि 'फुटणे' म्हटलं की सुटतो, हे सात वर्षांच्या पोराला कुणी शिकवलं? वाळंब्यांपर्यंत तो अजून पोचलेला नाही. याच पोराने मावशीला पत्र लिहिलं, तर त्यातला एकही ऱ्हस्व-दीर्घ जागेवर नसतो. म्हणजे जे त्याला येतं तेच शिकवायला आम्ही इतकी पुस्तकं आणली होती, आणि जे येत नाही त्या शुद्धलेखनावरही घरात एकमत नव्हतं. मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम १९६२ साली आले. सासऱ्यांची शाळा त्याआधीच्या अनुस्वारांत झाली. आजही ते किराण्याची यादी लिहितात तेव्हा नातवंडं विचारतात, "आजोबा, या 'गहूं'वर माशी बसलीय का?"

व्याकरणाचं पुस्तक मुलाच्या वयावरून निवडतात, असं लोक समजतात. आमच्या घरात तरी ते मोठ्यांच्या भीतीवरून निवडलं जात होतं. आपल्या मागे मराठीत नीट भांडणारं कुणी उरणार नाही, ही सासऱ्यांची भीती. आपण रडलो तशी पोरं रडतील, ही बायकोची. मला एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची धास्ती. तिथली दहावी चौदा वर्षं पूर्ण झाली की देता येते, आणि तेव्हा पेपरात प्रयोग ओळखायला आला तर पोरगी मला ओळख दाखवणार नाही. मुलांना मात्र कसलीच भीती नव्हती. त्यामुळे त्यांचं मत कुणी विचारलं नाही.

परवा मेहुणीचा फोन आला. "काय, शेवटी कुठलं व्याकरण घेतलंत?"

"वाळंबे ठरलं," मी म्हणालो. "रंगीत आकार चालू राहिले. दामले वरच्या फळीवर ठेवले गेले. बुधवारी गोष्ट आणि शनिवारी मावशीला पत्र, असंही ठरलं."

"बाबा," आतून थोरली ओरडली, "ठरवणारा कोण?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने वडिलांकडे. त्यांनी फळीवरच्या दामल्यांकडे.

"बरणी," धाकटा म्हणाला.