गच्चीचा सातबारा

गोंडपिपरीत भाजी कुंडीत लावायची वेळ कुणावर कधी आली नव्हती. घरामागं बाडी, बाडीत वांगी, मिरच्या, बरबटी. कोठ्याच्या छपरावर चढलेली लवकी आणि कोहळं. बाडीत नसेल ते जंगलात. पाऊस पडला की तरोट्याचा कोवळा पाला, पाठोपाठ सात्या, मग बांबूचे वास्ते. एवढ्यावर भागलं नाही तर आठवडी बाजार आहे, वैनगंगेपलीकडच्या बंगाली वस्त्यांतून येणारी भाजी आहे. अशा गावात एखादा माणूस रंगाच्या रिकाम्या बादलीला तळाशी भोकं पाडतो, तिच्यात वांग्याचं एक रोप लावतो आणि ते पाहायला येणाऱ्याला चपला काढून गच्चीवर यायला सांगतो, तेव्हा भाजी हे खरं कारण नसावं अशी शंका घ्यायला जागा आहे.

त्यांना आपण कुंडीवाले काकाजी म्हणू. दर वॉर्डात एक तरी सापडतात. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, कुणी कचेरीतून, एखादे वनखात्यातून, ज्यांनी आयुष्यभर सागाची झाडं मोजली. सगळ्यांत एक गोष्ट सारखी: बाप धानाचा शेतकरी. पऱ्हं उपटणं, गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणं, पाठीवर पाऊस घेणं हे लहानपणी केलेलं, आणि ते पुन्हा करावं लागू नये म्हणूनच तर शिकलेले. नोकरी लागली तसं वावर मक्त्यानं दिलं. गोंडपिपरीत प्लॉट घेतला. बाडी निघाली असती तिथपर्यंत स्लॅब टाकला आणि उरलेल्या जागेत मोटरसायकलसाठी फरशी बसवली. घरात माती म्हणून कुठं दिसणार नाही अशी व्यवस्था पुरी झाली आणि निरोप समारंभ आला. त्यात शाल, श्रीफळ आणि एक रोप मिळालं. श्रीफळाची चटणी झाली, शाल जावयाकडं गेली, रोप उरलं. दुखणं बहुधा असंच सुरू होतं.

पहिलं वर्ष साधं जातं: तुळस, गवती चहा, गोडनिंब. दुसऱ्या वर्षापासून घरात काही फेकायची सोय राहत नाही. तेलाचा पिपा, फुटका माठ, नातवाचा आंघोळीचा टब, मासळी बाजारातल्या थर्माकोलच्या पेट्या, कूलरची गंजलेली टाकी, सगळं गच्चीवर चढतं. काकू नवं डबडं विकत आणतात तेव्हा काकाजी झाकणाकडं पाहत नाहीत, बुडाकडं पाहतात. पाहुण्यांच्या घरी गेले की त्यांची नजर बाथरूममधल्या बादलीवर जाते. "हे जुनी झाली असन ना जी?" असं ते सहज विचारतात, आणि पाहुणे दोन दिवस बादली आत उचलून ठेवतात.

मातीचा प्रश्न याहून नाजूक. वावरातली माती आणावी तर ती चिकण, कुंडीत बसली की तिची वीट होते. मग कोकोपीटच्या विटा मागवायच्या. ज्या माणसाच्या नावावर पाच एकर काळी जमीन आहे तो नारळाचा भुसा पार्सलनं मागवून पाण्यात भिजत घालतो, हे दृश्य त्याच्या बापानं पाहिलं नाही, हे बरंच झालं. काकाजींना मात्र यात काही वावगं वाटत नाही. "मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर भाजी काढली लोकांनी," ते सांगतात. "क्यूबात हवाना शहरानं काढली. सोव्हिएत युनियन फुटलं, तेल बंद झालं, लोकं भुके मरतील असं वाटलं, पन शहरात वाफे केले त्याइनं." दोन्ही उदाहरणं खरी आहेत. मुंबईकराला पाय ठेवायला जमीन नव्हती आणि हवानात डिझेल नव्हतं, एवढा तपशील ते गाळतात.

काकाजींचं वाचन दांडगं. श्रीपाद अच्युत दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' त्यांनी कुणाकडून तरी आणलं आहे आणि परत केलेलं नाही. पानाच्या क्षेत्रफळावर किती ऊन पडतं आणि त्यातून किती अन्न तयार होतं, हा दाभोळकरांचा हिशेब त्यांना इतका पटला की काही दिवस ते वांग्याची पानं फूटपट्टीनं मोजत होते. पुढं त्यांना जीवामृत सापडलं. सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, म्हणजे आपल्याच विदर्भाचे. २०१६ साली पद्मश्री मिळालेले. विश्वास ठेवायला आणखी काय पाहिजे? एका एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. काकाजींची गच्ची चारशे चौरस फूट. त्यांनी त्रैराशिक मांडलं. बेसन आलं अठरा ग्रॅम, म्हणजे एक चमचा. एका चमच्यानं काय होणार, या विचारानं त्यांनी अख्खा डबा टाकला. संध्याकाळी काकूंनी झुणक्यासाठी फडताळ उघडलं.

"झाडाले खाऊ घालाचं होतं त मले दळून आनाले कायले लावलं?"

काकाजी जिवाणूंबद्दल बोलू लागले. तिसऱ्या दिवशी वॉर्डातले लोक वासाबद्दल बोलू लागले.

खरी परीक्षा मे महिन्यात. चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा म्हणजे पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाऊन बसतो. टमाटरचं फूल पस्तीसच्या वर गेलं की गळायला लागतं, परागकणच निकामी होतात. इथं तर पस्तीस डिग्री सकाळी नऊच्या आधीच होऊन जातात, आणि स्लॅब खालूनही भाजतो. काकाजी आधी हिरवी जाळी लावतात. मग जाळीवर काकूंची लुगडी. मग कुंड्यांभोवती ओली पोती. लग्नाला नागपूरला जायचं असलं तर सलाईनच्या बाटल्या उलट्या टांगून थेंब-थेंब पाण्याची सोय करतात. त्या दिवसांत गच्ची टमाटरचा आयसीयू दिसते आणि काकाजी मंडपातून नातवाला फोन करून एकेका रुग्णाची चौकशी करतात. त्यांनी कूलर गच्चीवर नेला होता, ही अफवा आहे. नेला तो जुना, आणि दोनच दिवस.

पावसाळ्यात उलटं. झडी लागली की चार-चार दिवस थांबत नाही, कुंड्यांची भोकं बुजतात, मुळं सडतात आणि भिजलेल्या मातीच्या वजनाखालचा स्लॅब बैठकीच्या खोलीत, नेमका टीव्हीवर, ठिबकू लागतो. मिरचीची पानं आकसली की चुरडा-मुरडा आला. मग निंबोळी अर्क. निंबोळ्या वेचायला नातवंडं, कुटायला काकू, गाळायला काकूंचीच ओढणी. फवारायला मात्र काकाजी स्वतः, नाकाला रुमाल बांधून.

एवढं करून हाती काय लागतं, हे विचारायचं नसतं. पण काकू विचारतात. सांबार, म्हणजे कोथिंबीर, हा त्यांचा मुख्य मुद्दा. धने रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे, पेरायचे, दहा-बारा दिवस कोंब यायची वाट पाहायची, मग महिनाभर पाणी. आणि ऊन थोडं वाढलं की तो पानं सोडून फुलावरच येतो. तेवढाच सांबार बाजारातली भाजीवाली अर्धा किलो वांग्यांवर वरून टाकते, फुकट, न मागता. काकाजींकडं याला उत्तर आहे: त्यात औषधाचा अंश असतो. काकूंकडं याला प्रत्युत्तर आहे: तुमच्या सांबारात सांबारच नसतो.

फक्त एकदा काकाजी जिंकले. २०२३ च्या पावसाळ्यात टमाटर किलोला शंभरावर गेले, पुढं दीडशेवर, आणि देशभर आरडाओरडा झाला. त्या दिवसांत थर्माकोलच्या पेटीत काकाजींची तीन टमाटरं लाल होत होती. त्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. रोज सकाळी फोटो, रोज व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस. ओळखीचे-अनोळखी लोक चहाला येऊ लागले आणि चहाच्या साखर-दुधात तीन टमाटरांची किंमत केव्हाच फिटली. मी स्वतः तो चहा दोनदा प्यालो आहे. टमाटरं मात्र कापली गेली नाहीत. दाखवता दाखवता मऊ पडली.

या यशानंतर संशोधन आलं. आपल्या जिल्ह्यात ही हवाच आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली 'पटेल-३' धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या सापडल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवडल्या आणि त्यातून जो बारीक तांदूळ निघाला तो घड्याळाच्या नावानं एचएमटी म्हणून सगळीकडं गेला. दीड-दोन एकराच्या माणसानं केलेलं काम. त्यापुढं आपण हात जोडावेत. काकाजी हात जोडतात आणि तुम्हाला आपल्या मिरचीकडं नेतात. एका झाडाच्या मिरच्या खाली लोंबायच्या ऐवजी आभाळाकडं तोंड करून आहेत. अशा मिरच्या कुठल्याही रोपवाटिकेत मिळतात, हे त्यांना सांगायचं धाडस वॉर्डात कुणाला नाही. त्यांनी बी राखून ठेवलंय, पुडीवर तारीख टाकली आहे आणि वाणाचं नावही ठरवलंय: टायटन.

मग वांदरं आली. वांदरं पूर्वीही यायची, पण बाड्या होत्या तेव्हा ती विभागून खायची. आता सगळ्या वॉर्डाच्या वाटणीची टोळी एकाच गच्चीवर उतरते. सकाळच्या दहा मिनिटांत वांगी, टायटन आणि हिरवी जाळी खलास. (टायटन खाऊन एक पिल्लू तोंड पुसत बसलं होतं, वाणाच्या तिखटपणाचा तेवढाच पुरावा आजवर मिळाला आहे.) काकाजींना नियम माहीत होते. वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर वनखात्याची भरपाई असते, तीन दिवसांत अर्ज करायचा, पंचनामा होतो. त्यांनी अर्ज केला. वनरक्षक भला माणूस, त्यानं तो पूर्ण वाचला.

"काकाजी, सातबारा लागते."

"घरटॅक्सची पावती आहे ना."

"पीकपेरा?"

काकाजी त्याच दुपारी मोबाईलवर ई-पीक पाहणीचं अ‍ॅप उघडून बसले. तिथं गट क्रमांक विचारतात. गच्चीला गट क्रमांक नसतो. वडिलांच्या वावराचा टाकला तर त्या गटात त्यांना धान दाखवावा लागला असता, आणि धान कुंडीत कसा दिसतो ते पाहावं, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, हे मला काकूंनी सांगितलं. तलाठ्याकडं जाण्यापासून त्यांना काकूंनीच थांबवलं.

दिवाळीच्या पुढं, धान निघाल्यावर, मक्त्यानं वावर करणारा गडी पैसे द्यायला येतो. काकाजींचं वावर तो वीसेक वर्षं करतोय. दर साल तो येऊन सांगायचा की पाणी वेळेवर आलं नाही, करपा पडला, रानडुकरांनी धुऱ्याकडची बांधी लोळवली, आणि काकाजी पंख्याखाली बसून म्हणायचे, "तुमचं दरसालचंच आहे बाप्पा." यंदा ते त्याला थेट गच्चीवर घेऊन गेले. पाणी, करपा, वांदरं, सगळं त्यांनी सांगितलं, आणि तो "हो जी, हो जी" करत ऐकत राहिला. त्यांनी त्याला आच्छादनाचं महत्त्व समजावलं. पालापाचोळा कसा पसरायचा, ओल कशी टिकते, हे त्यांनी वाकून, कमरेवर हात ठेवून दाखवलं. त्यानं अजून मक्त्याचे पूर्ण पैसे दिलेले नव्हते, त्यामुळं तोही वाकला.

मग तो उभा राहिला, गच्चीवर चारी बाजूंनी नजर फिरवली.

"इथं डुक्कर नाही येत ना जी?"

"कुठून येईन बे? जिन्याला दार आहे."

"अन पानी?"

"टाकी इथंच आहे वरते."

गड्यानं थोडा विचार केला. "मंग काकाजी," तो म्हणाला, "हे वावर मक्त्यानं द्याचं आहे का?"

काकूंना खाली हसू ऐकू गेलं नाही, कारण काकाजी हसलेच नाहीत. त्यांनी कुंड्यांची रांग एकदा डोळ्यांखालून घातली.

"मक्त्यानं नाही," ते म्हणाले. "बटईनं घे. कुंड्या माह्या, बी तुहं. वांदरं निम्मे-निम्मे."