मोमोचा आहार आणि आमचा विहार

शिह त्झू ही कुत्र्याची जात मूळची तिबेट-चीनकडची, राजवाड्यात वाढलेली. आमच्याकडचा नमुना कामशेतला वाढतो आहे आणि त्याला म्हशीचं शेण आवडतं. गाईचंही चालतं. मांजराचं असेल तर तो वाट वाकडी करून जातो, आणि काहीच नसेल तर स्वतःचं. तो घरचं अन्न खात नाही असा गैरसमज नको. ते आधीच खाऊन झालेलं असतं.

नाव मोमो. मालक म्हणजे माझा मुलगा आणि सूनबाई, मुक्काम पुणे. फ्लॅटमध्ये त्याची फार कुचंबणा होते म्हणून पावसाळ्यापुरता आमच्याकडे ठेवला होता. कोणता पावसाळा, हे तेव्हा ठरलं नव्हतं. त्याच्यासोबत त्याच्या खाण्याची पाकिटं आली. पाकिटाची किंमत मी सांगत नाही. त्या पैशांत इंद्रायणी तांदूळ घेतला असता तर घरातली माणसं बरेच दिवस मऊ भात जेवली असती. पाकिटावर लिहिलं आहे की आतल्या दाण्यांत कुत्र्याला लागणारं सगळं काही आहे. म्हशीला हे कोणी कळवलेलं दिसत नाही.

कामशेत हे बाजारपेठेचं गाव. नाणे मावळातली माणसं खरेदीला इथेच येतात, पवनेकडची वाटही इथूनच फुटते. पेठ सोडून जरा बाहेर पडलं की रस्ता जितका गाड्यांचा तितकाच गुरांचा. सकाळी गुरं चरायला निघतात आणि जाताना काही ना काही ठेवून जातात. पावसात ते पातळ होऊन पसरतं, उन्हात त्याचा रीतसर पो होतो. दोन्ही प्रकार मोमोला मान्य आहेत.

त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. पो दिसला की तो आधी भलतीकडेच बघतो. मळवलीकडे जाणाऱ्या लोकलचा आवाज ऐकल्यासारखा कान टवकारतो, मग मी लोकलकडे बघतो, तेवढ्यात खाली काम झालेलं असतं. पट्टा ओढला तर तो चावायचं सोडून देतो आणि थेट गिळतो. ओरडलं तर अजून भराभर गिळतो. तोंडात बोट घालून काढू पाहिलं तर पुढच्या वेळी तो मला पाठमोरा होऊन जेवतो. शिह त्झूला दाढी असते. ती हिरवट करून तो घरी येतो, आणि रविवारी सूनबाई आल्या की त्यांचे गाल चाटतो. त्या म्हणतात, “बाबा, किती मिस केलं बघा याने मला!” मी काही बोलत नाही.

नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, त्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून. मीही रोज कुत्र्यामागे धावतो. विनंती फक्त उलटी असते.

कुत्रा शेण खातो ही बातमी गावात लपत नाही, आणि कळली की प्रत्येकाजवळ कारण तयार असतं. शेजारच्या काकूंना वाटतं की आम्ही त्याला उपाशी ठेवतो; त्या दयेपोटी कुंपणावरून पोळी टाकतात. आमचे एक निवृत्त गुरुजी म्हणतात, गोमय पवित्रच, पंचगव्यात असतंच की. म्हशीच्या शेणाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला. मुलाने ऑनलाइन एक पावडर मागवली. ती जेवणात घातली की म्हणे विष्ठेची चव बिघडते. अननसाची फोड घालण्यामागेही हाच सिद्धांत आहे. म्हणजे मूळची चव चांगली आहे हे सगळ्यांनी धरूनच चाललं आहे. शिवाय पावडर मोमोच्या पोटात जाते, म्हशीच्या नाही, हा बारीक मुद्दा आहेच.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मात्र कारण सांगण्याआधी प्रश्न विचारले: कधीपासून, वजन उतरतंय का, जंताचं औषध कधी दिलं, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का. कुत्र्याने हे अचानक सुरू केलं, खा-खा वाढली आणि तरी तो रोडावत गेला, तर स्वादुपिंड, मधुमेह, जंत असं काहीतरी असू शकतं, म्हणून तपासणी करावी. मोमोची केली. रिपोर्ट इतका स्वच्छ आला की माझा तरी तसा येईल का, अशी शंका वाटली. पिल्लं लहान असताना आई त्यांची शी चाटून साफ करते, तेव्हा कुत्र्यांच्या जगात यात गैर काहीच नाही, असंही ते म्हणाले. आमच्या जगाबद्दल ते काही बोलले नाहीत.

या विषयावर अमेरिकेत खरोखर संशोधन झालेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी हजारो कुत्रामालकांना प्रश्न विचारून 2018 साली निष्कर्ष छापले. कुत्र्यांची विष्ठा वारंवार खाणारे कुत्रे सुमारे 16 टक्के निघाले. आहाराशी किंवा शी-शूच्या शिस्तीशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हावरटपणाशी. बहुतेक कुत्रे ताजा माल पसंत करतात, फार तर दोन दिवसांचा. त्यावर हार्ट यांचा तर्क असा: लांडग्याच्या गुहेजवळ कोणी घाण केली तर तिच्यातली जंतांची अंडी बाधक व्हायला दोनेक दिवस लागतात, त्याआधी ती खाऊन टाकली की गुहा स्वच्छ. म्हणजे मोमो ग्रामस्वच्छता करतो आहे. त्याच अभ्यासात बाजारातल्या 11 औषधांचा हिशेबही मांडला होता. यश शून्य ते दोन टक्के. आमच्या पावडरच्या पाकिटावर कुत्रा हसताना दाखवला आहे. तो का हसतो ते आता कळलं.

शेणाचं गणित थोडं वेगळं, त्यात न पचलेलं धान्य आणि आंबूस वास असतो. पण ते निर्धोक नव्हे. गुरांना दिलेलं जंताचं औषध शेणातून बाहेर पडतं आणि काही जातींच्या कुत्र्यांना ते बाधतं. कुत्र्या-मांजराच्या विष्ठेतून जंत येतात, ते माणसालाही होऊ शकतात. (सूनबाईंचे गाल. मी अजूनही बोललेलो नाही.)

तर उपाय. खळ्यावर बैलाला मुसकी घालतात तशी जाळी मिळते, ती आणली. मोमोने जाळीसकट पोमध्ये तोंड घातलं, आणि मग ती जाळी मला धुवावी लागली. आता पट्टा आखूड धरतो. खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवतो, पो दिसला की “सोड” म्हणतो, आणि तो माझ्याकडे वळला तर लगेच तुकडा देतो. सूनबाईंच्या मते ही आज्ञा “लीव्ह इट” अशी द्यायला हवी, पण चिकन मराठीतही समजतं. अंगणातलं मात्र त्याने केलं की त्याच क्षणी उचलायचं. पावसात छत्री एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात, कुत्रा तिसऱ्या. या सगळ्याने तो सुधारला का, तर थोडा. मी बराच सुधारलो आहे. आता रस्त्यावरचा पो मला मोमोच्या आधी दिसतो. बाजारातून एकटा येतानाही दिसतो.

गुरांबद्दल माझी तक्रार नाही, रस्ता आधी त्यांचाच. तक्रार आहे ती शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून आपापले कुत्रे घेऊन येणाऱ्या मंडळींबद्दल. त्यांचे कुत्रे रस्त्याकडेला कार्यभाग उरकतात आणि मंडळी ढगांचे फोटो काढतात. पुढे जाऊन गाडीच्या खिडकीतून कांदाभजीचा उरलेला पुडा आणि खाल्लेलं मक्याचं कणीस फेकतात. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कणसाचा दांडा छोट्या कुत्र्याच्या आतड्यात अडकला तर पोट फाडावं लागतं. शेणाने आजवर मोमोला काही झालं नाही. भजीच्या पुड्याने एकदा डॉक्टरकडे रात्र काढायला लावली.

तेव्हा मंडळी, मावळात जरूर या. भजी संपवा, कणीस परत घेऊन जा, आणि आपल्या कुत्र्याने केलेलं तिथल्या तिथे उचला. तुम्ही नाही उचललं तर मोमो उचलतो.