उद्याची उधारी

भिवंडीच्या अंजूरफाट्याजवळच्या एका हॉटेलाबाहेर मागच्या लग्नसराईत फ्लेक्स लागला होता. 'जेवण फुकट' हे दोन शब्द चालत्या रिक्षातूनही वाचता यावेत एवढे मोठे. त्याखाली मुंग्यांची रांग चालल्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं, 'घोड्यावर बसून आलेल्या नवरदेवास.' मी थांबलो, चष्मा पुसून वाचलं, एकटाच हसलो. आणि आता दारात उभं राहून हसलोच आहे तर निदान अर्धा चहा तरी घ्यावा, म्हणून आत शिरलो. तिथेच फसलो. चहाच्या आधी भजी आली, भज्यांच्या मागून उसळ-पाव आला, आणि फुकट जेवणाच्या पाटीपायी माझे एकशे दहा रुपये गेले.

पैसे देताना गल्ल्यावरच्या मालकांना विचारलं, "आला का हो एखादा नवरदेव?"

"आला ना दादा!" मालक खुर्चीत सावरून बसले. "पुढे बँजो, मागे शंभरेक वऱ्हाडी. पोरांनी घोडा आणून इथं दारात उभा केला. म्हटलं, बोललोय तर द्यायला पाहिजे. ताट वाढलं, पापड तळला. तर करवली म्हणते, अहो काका, त्याचा उपास आहे. लग्न लागेपर्यंत काही खायचं नाही."

"मग?"

"मग काय, नवरदेव पाणी प्याला. वऱ्हाडाने थंडा घेतला, पेट्या संपल्या. बँजोवाल्यांनी वडापाव खाल्ले. घोडेवाल्याने मिसळ घेतली आणि त्यातले दोन पाव घोड्याला दिले. सगळं रोख."

ही गोष्ट किती खरी आणि किती गल्ल्यावर बसून मुरलेली, ते मी तपासलं नाही. लोणच्याचा खार कोण मोजत बसतो?

खरं म्हणजे भिवंडीत गिऱ्हाईक ओढायला थट्टामस्करी करायची हे धाडसच. हे गाव कामाचं. एकीकडे यंत्रमागांची अष्टौप्रहर खटखट, दुसरीकडे हायवेच्या दोन्ही अंगांना गोदामंच गोदामं. अर्ध्या देशाने मोबाइलवर मागवलेल्या चपला, मिक्सर आणि डायपर आमच्याकडे मुक्काम करून पुढे जातात. 'चला, आज भिवंडीला जेवायला जाऊ' असं ठाण्याचा माणूस सहसा म्हणत नाही. इथे माणूस नाशिकला जात असतो, नाहीतर मुंबईला, आणि मध्ये अडकतो. राजनोली नाक्यावर किंवा माणकोलीला खड्ड्यांपायी ट्रॅफिक तुंबला की आजूबाजूच्या टपऱ्यांचा जो धंदा होतो, तो कुठल्या जाहिरात कंपनीला करून दाखवता येईल? गाडी हलत नाही, पोरं भुकेने रडतायत, आणि काचेबाहेर वड्याचा घाणा उतरतोय. खड्ड्यांसारखा प्रचारक नाही. तोही फुकट.

तरीही हॉटेलवाल्याला पाटी लावल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी पहिल्यांदा कोणी रंगवली त्या महापुरुषाचं नाव इतिहासाने ठेवलं नाही. नाहीतर एखाद्या चौकात त्याचा पुतळा असता, आणि 'उद्घाटन उद्या' म्हणून तोही झाकलेलाच राहिला असता. पाश्चात्त्य लोक वर्षातून एकदा एक एप्रिलला फसवतात. ही पाटी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस फसवते आणि कोणाचीही तक्रार येत नाही. लहानपणी मी खरोखर दुसऱ्या दिवशी गोळ्या मागायला गेलो होतो. दुकानदारकाकांनी शांतपणे बोटाने पाटी दाखवली. 'उद्या' हा शब्द किती लबाड आहे ते मला शाळेत कळलं नाही, त्या दुकानात कळलं.

या पाटीचा सख्खा भाऊ म्हणजे नातवाच्या बिलाचा विनोद. हॉटेलावर लिहिलेलं असतं, 'पोटभर जेवा, बिल तुमचा नातू भरेल.' एक अविवाहित गडी खूश होऊन आडवा हात मारतो, आणि ढेकर देतो तोच वेटर बिल आणून ठेवतो. "माझा नातू भरणार ना?" "साहेब, हे तुमच्या आजोबांचं." आमच्या पिढीने हा विनोद इतक्यांदा ऐकला आहे की आता हसू येत नाही. मात्र गृहकर्जाचे हप्ते भरताना तो हटकून आठवतो.

परदेशातल्या मोठ्या कंपन्या हीच मस्करी पानभर जाहिराती देऊन करतात. 1996 च्या एक एप्रिलला टॅको बेल या कंपनीने अमेरिकन वर्तमानपत्रांत जाहीर केलं, की देशाचं कर्ज फेडायला मदत म्हणून आम्ही फिलाडेल्फियाची ऐतिहासिक लिबर्टी बेल विकत घेतली आहे, यापुढे तिचं नाव टॅको लिबर्टी बेल. लोकांनी फोन करकरून सरकारी कचेऱ्या हैराण केल्या. दुपारी कंपनीने थट्टा होती म्हणून सांगितलं आणि घंटेच्या देखभालीसाठी 50,000 डॉलर देऊन पदरात पुण्यही पाडून घेतलं. दोनच वर्षांनी, 1998 मध्ये, बर्गर किंगने डावखुऱ्यांसाठी खास बर्गर काढल्याची जाहिरात दिली. माल तोच, फक्त आतला मसाला 180 अंशांत फिरवलेला. गोल बर्गर 180 अंशांत फिरवला तर काय होतं, हा विचार पोट करत नाही. हजारो लोक दुकानांत जाऊन तो मागू लागले. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग असा, की काहीजण खिडकीशी वाकून बजावत होते, आम्हाला मात्र उजव्या हाताचाच द्या.

हे आपल्याकडे चाललं नसतं. आपल्या ताटाला मुळातच डावं-उजवं असतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. एखाद्याने 'डावखुऱ्यांसाठी खास थाळी' म्हणून सगळं फिरवून वाढलं असतं, तर आमच्या आजीने ती थट्टा आहे हे ऐकूनच घेतलं नसतं. "वाढायचं वळण नाही मेल्याला," एवढंच म्हणून तिने मीठ उचलून पुन्हा जागेवर ठेवलं असतं.

आपला खरा खेळ पैजेचा. लग्नाच्या पंगतीत जिलब्यांवर पैजा लागायच्या. ताटं उचलायची वेळ झाली तरी दोन पैलवान समोरासमोर बसून, आणि मधोमध आग्रह करकरून घसा बसलेला यजमान. वधूपित्याची जिलबी संपत आली तरी त्याला 'अजून घ्या' म्हणावंच लागे, आणि यातली खरी मस्करी तीच. हाच खेळ 2021 च्या सुरुवातीला मावळातल्या वडगावला हॉटेल शिवराजने मांडला. टाळेबंदीने धंदा बसलेला, गिऱ्हाईक बिचकत होतं. मालक अतुल वाईकर यांनी 'बुलेट थाळी' काढली. मटण, मासे, बिर्याणी असे डझनभर पदार्थ, सगळं मिळून चार किलो, किंमत 2,500 रुपये. एकट्याने साठ मिनिटांत ताट संपवलं, तर रॉयल एनफिल्डची कोरी बुलेट बक्षीस. नुसती पाटी लावून ते थांबले नाहीत, बुलेट गाड्याच ओसरीवर ओळीने उभ्या केल्या. समोर गाडी चकाकत असताना सुरमई आणखी चविष्ट लागत असावी.

मी भिवंडीत बसून कागदावर हिशेब मांडला. साठ मिनिटांत चार किलो, म्हणजे मिनिटाला जवळजवळ सत्तर ग्रॅम, काटे काढण्याचा वेळ वेगळा. मी अर्धा तास टिकलो तरी पुढची बुलेट मला चालवता येणार नाही, मागे बसवून कोणीतरी दवाखान्यात न्यावं लागेल. पण सोलापूर जिल्ह्यातल्या एका गड्याने ती थाळी खरोखर संपवली आणि गाडी घेऊन गेला. मालकाच्या हुशारीची कमाल इथे आहे. बक्षीस कोणालाच मिळालं नाही, तर लोक फसवणूक म्हणतात. रोज मिळालं, तर दिवाळं निघतं. एक दिलं आणि थाळीची बातमी देशभर झाली.

असल्या खेळात एक नाजूक रेघ असते, आणि ती ओलांडली की थट्टेचा तमाशा होतो. तेलंगणात करीमनगरला 2023 च्या जूनमध्ये एका नव्या हॉटेलाने रुपयाची नोट आणणाऱ्याला बिर्याणी देऊ केली. नाणं नको, नोटच हवी. त्यांना वाटलं असणार, रुपयाची नोट आता कोणाकडे उरलीय? पण आपल्या देशात देव्हाऱ्याच्या डब्यात, आईच्या लुगड्याच्या घडीत, शगुनाच्या पाकिटात काय काय निघतं! इतकी गर्दी लोटली की हॉटेल बंद करायची वेळ आली, आणि रस्त्यात वेड्यावाकड्या लावलेल्या गाड्यांना पोलिसांनी दंडाच्या पावत्या फाडल्या. रुपयाची बिर्याणी खाऊन लोक तिच्या कितीतरी पट दंड भरून घरी गेले. करीमनगर आमच्यापासून दूर असलं तरी परकं नाही. पद्मनगर, कामतघर भागात तिकडून आलेली विणकरांची तेलुगू घरं पिढ्यान्पिढ्या नांदतायत. ओळखीच्या एका मास्तरांना मी ही बातमी सांगितली. ते म्हणाले, "माझ्याकडे रुपयाच्या बारा नोटा आहेत. पण तिथवरचं तिकीट काढलं तर बिर्याणी महाग पडली असती." मागवाल्यांच्या शेजारी राहिलेला माणूस. ताणा-बाणा मोजल्याशिवाय बोलत नाही.

हे सगळं मनात घोळवत एका संध्याकाळी मी कारखान्यांच्या गल्लीत शिरलो. इथे मागावर काम करणारी मंडळी उत्तर प्रदेश, बिहारकडची, घरदार गावाला ठेवून आलेली. त्यांच्या जेवणाची सोय म्हणजे बिस्सी. बायकांची भिशी निराळी, तिच्यात पैसे उचलतात. हिच्यात रोटी, डाळ, भात, भाजी उचलतात. दोन वेळा जेवायचं, हिशेब वहीत, पैसे पगार झाल्यावर. जाहिरात, फ्लेक्स, सवलत, काही नाही. पाळी संपली की कपड्यांवर कापसाची फुई घेऊन माणसं येतात, बाकावर बसतात, मान खाली घालून जेवतात. इथे कोणी 'बिल तुमचा नातू भरेल' म्हटलं, तर समोरचा मान वर करून विचारील, कधी? मस्करी ही अर्ध्या भरल्या पोटाची चैन आहे, हे मला बाकावर बसल्या बसल्या जाणवलं, आणि थोडं ओशाळायला झालं. मग बिस्सी चालवणाऱ्या चाचांनी गरम रोटी टाकली आणि ओशाळणं मागे पडलं.

चाचा चाळीसेक वर्षांपूर्वी आझमगडहून आलेले. 2020 च्या टाळेबंदीत माग थांबले, तेव्हा त्यांची बरीच गिऱ्हाइकं कोणी पायी, कोणी मिळेल त्या ट्रकमधून निघून गेली. त्या मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरला खास रेल्वेगाडी सुटली, तिनेही काही गेले. जाताना हिशेब कुठून होणार? वहीतली पानं तशीच राहिली. "फिर?" मी विचारलं. चाचा म्हणाले, काही परतले, काही नाही. एकजण वर्षाने आला, आधी जेवला, मग मागचं किती म्हणून विचारलं. चाचांनी सांगितलेला आकडा त्याला कमी वाटला. दोघांची त्यावरून बाचाबाची झाली. शेवटी वही काढून पाहिली, तर त्याचाच आकडा बरोबर निघाला.

ती वही बघावी म्हणून मी भिंतीकडे पाहिलं आणि पाहतच राहिलो. धुराने काळवंडलेली, कोपरा तुटलेली पत्र्याची पाटी. मराठीत, लाल अक्षरांत, 'आज रोख, उद्या उधार.' खाली बसलेल्यांपैकी एकही जण रोखीने जेवत नव्हता.

"चाचा, ये बोर्ड?"

चाचांनी पाटीकडे असं पाहिलं, की जणू पहिल्यांदाच पाहतायत. "वो? पहलेवाले की है. यहाँ मराठी हॉटेल था." मग हात लांब करून पाटीच्याच खिळ्याला दोरीने टांगलेली उधारीची जाडजूड वही उतरवत ते म्हणाले, "बोर्ड निकालेंगे तो कील भी निकल जाएगी."