ठोकळा पोराचा, शर्यत बापाची

अमेरिकेत पाइनवुड डर्बी नावाची एक शर्यत असते. पाइनच्या लाकडाचा सात इंची ठोकळा, आस म्हणून चार खिळे आणि प्लॅस्टिकची चार चाकं, एवढ्या सामानातून गाडी करायची, ती उतारावरून सोडायची आणि पुढे काय होतं ते हाताची घडी घालून बघायचं. इंजिन नाही, चालक नाही, ब्रेक नाही. तीनेक सेकंदांत निकाल. कागदोपत्री ही शर्यत कब स्काउटमधल्या, म्हणजे बालवाडी ते पाचवीतल्या मुलांची आहे. प्रत्यक्षात मात्र शर्यतीच्या सकाळी वजनकाट्याशेजारी घाम पुसत उभे असतात ते त्यांचे वडील, आणि मुलं मागे खुर्च्यांवर डोनट खात बसलेली असतात. माझं म्हणणं असं की हा मुळात मोठ्या माणसांचा छंद आहे आणि तो त्यांनी उघडपणे, स्वतःच्या नावावर करावा. आठ वर्षांच्या मुलाच्या नावाची पाटी लावून करू नये.

शर्यतीच्या जन्माची कथाच माझ्या बाजूनं साक्ष देते. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी नावाचे गृहस्थ स्काउटच्या मुलांचे प्रमुख होते. त्यांच्या मुलाला सोप बॉक्स डर्बीत, म्हणजे मुलं स्वतः आत बसून उतारावरून गाडी सोडतात त्या मोठ्या शर्यतीत, उतरायचं होतं. पण तो दहा वर्षांचा, तिथे ते वय कमी पडत होतं. तेव्हा बापलेकांनी मिळून करायची छोटी गाडी मर्फींना सुचली आणि मे १९५३मध्ये पहिली शर्यत झाली. हेतू निर्मळ होता. पण मर्फी नोकरीला होते नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनमध्ये, आणि पहिल्या शर्यतीला पाठबळ दिलं ते त्याच कंपनीतल्या व्यवस्थापकांच्या क्लबनं. सेबर जेट विमानं बांधणाऱ्या मंडळींच्या अंगणात जन्मलेला खेळ चार खिळ्यांवर समाधान मानेल, ही अपेक्षाच भाबडी होती. शिवाय बापलेकांनी मिळून करायचं कुठलंही काम बापाच्या हाती करवत येईपर्यंतच मिळून चालतं.

पुरावा हवा असेल तर गाडीच उलटी करून बघावी. वजन पाच औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आहे. नियमानं कमाल मर्यादा घातली की जाणकार तिलाच किमान मानतो, ४.९ औंसांची गाडी ही त्याच्या लेखी आळशी माणसाची गाडी. बरं, वजन नुसतं भरून भागत नाही, ते मागे लागतं. उतारावर उभ्या गाडीचं शेपूट सगळ्यांत उंच असतं, आणि जे जास्त उंच असतं ते जास्त खाली येऊन जास्त वेग कमावतं. (हा नियम लाकडी गाड्यांपुरता आहे, पुढाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये.) पार मागे सारलं तर पुढची चाकं हलकी होऊन गाडी डुलू लागते, म्हणून तोल मागच्या आसाच्या जेमतेम इंचभर पुढे साधायचा. त्यासाठी ठोकळा पोखरून पातळ करायचा आणि मागच्या पोकळीत टंगस्टनचे तुकडे बसवायचे. टंगस्टन शिशापेक्षा सुमारे १.७ पट जड, जवळजवळ सोन्याइतकं. सोनं वापरायला गाडीची हरकत नसते, घरातल्यांची असते.

मग खिळे. किटमधल्या खिळ्याच्या डोक्याखाली कारखान्यातून आलेली बारीक कड असते आणि दांड्यावर साच्यानं चिमटल्याचे व्रण असतात. खिळा ड्रिलमध्ये धरून फिरवायचा, कानशीनं ती कड उडवायची, मग चारशे नंबरचा पॉलिश पेपर, मग सहाशे, हजार, दोन हजार, ओला करकरून, आणि वर पॉलिशचा हात. शेवटी खिळ्यात आपलं तोंड दिसायला लागतं. हॉलमधल्या भिंतीवर ज्या खिळ्याला तसबीर तिरकी लोंबते आहे, त्याच्याकडे याच माणसानं वर्षानुवर्षं ढुंकून पाहिलेलं नसतं. पुढे त्यावर ग्रॅफाइटची पूड, आणि त्यानंतरचा आठवडाभर घरातल्या विजेच्या प्रत्येक बटणावर काळा अंगठा. एवढं करून चार चाकांपैकी एक केसभर वर उचलून ठेवायचं, कारण जे चाक फिरतच नाही ते गाडीचा वेगही खात नाही. आणि अगदी सरळ धावणारी गाडी करायची नाही, हे तर या विद्येचं शेवटचं प्रकरण आहे: मार्गाच्या मधोमध एक उंच पट्टी असते, पुढचं एक चाक मुद्दाम किंचित तिच्याकडे वळवून तिला टेकत टेकत न्यायचं, म्हणजे गाडी दोन्हीकडे आपटत जात नाही. हे सगळं दुसरीतल्या मुलाला सुचलं, असं ज्याला वाटतं त्याला माझा साष्टांग नमस्कार.

यावर पहिला आक्षेप शिक्षणाचा. या निमित्तानं मूल स्थितिज ऊर्जा शिकतं, घर्षण शिकतं, हत्यारं हाताळायला शिकतं, असं सांगतात. शिकतंही, हातात हत्यार मिळालं तर. एरवी ते शिकतं एवढंच की बाबा काम करत असताना टॉर्च कसा धरायचा आणि बोलायचं कधी नाही. आपल्याकडे शाळेतल्या प्रोजेक्टचं हेच होतं. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, प्रोजेक्ट करून देणाऱ्या आईबापांवर अजून आलेली नाही. आणि झाकून ठेवलेली हौस कुठवर जाते तेही नोंदलेलं आहे. १९७३ साली अक्रनला सोप बॉक्स डर्बी जिंकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडला. सुरुवातीच्या रेषेवरची पोलादी फळी खाली पडली की ती पडता पडता गाडीला पुढे ओढून घ्यायची. बटण होतं डोकं टेकायच्या जागी. कल्पना नात्यातल्या एका उद्योजक वडीलधाऱ्यांची, पण विजेतेपद काढून घेतलं गेलं ते मुलाचं. त्या गृहस्थांची स्वतःची शर्यत असती तर नाचक्की निदान योग्य पत्त्यावर पोचली असती.

दुसरा आक्षेप: हा पोरखेळ, मोठ्यांना शोभतो का? हे म्हणणारी माणसं एका पांढऱ्या चेंडूला काठीनं मारून त्याच्यामागे मैलोन्मैल चालणाऱ्यांना क्लबाचं सभासदत्व देतात. चार फूट उंचीवरून सुटलेल्या या गाडीला, घर्षण शून्य धरलं तरी, ताशी अठरा किलोमीटरसुद्धा गाठता येत नाहीत. दूधवाल्याची सायकल तिला सहज मागे टाकेल. म्हणून काही ठिकाणी गाडीच्या लहानपणाच्या प्रमाणात तो आकडा फुगवून पडद्यावर ताशी दोनशे मैलांच्या वर दाखवतात. ही थोडी फसवणूक आहे, पण छंदात एवढी चालते. शर्यत चालू असताना खेळाडू काहीच करत नाही, हा त्याच आक्षेपाचा उपप्रकार. मला हा या खेळाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. गाडी सुटल्यावर ओरडून, वाकून, डोळे मिटून काडीचाही फरक पडत नाही. हरल्यावर पंच, खेळपट्टी, दव, संघनिवड यांपैकी कुणावरही ढकलता येत नाही. असा खेळ मोठ्या माणसांच्या प्रकृतीला फारच उपकारक आहे.

आणि मी काही नवं सुचवतो आहे असंही नाही. मोठ्यांच्या स्वतंत्र लीग अमेरिकेत आहेत. तिथे गाडी पोस्टानं पाठवायची. यजमान ती आपल्या मार्गावर पळवतो, मालक घरी खुर्चीत बसून पडद्यावर पाहतो, आणि काही दिवसांनी गाडी पोस्टानंच परत येते. खेळायला खेळाडूनं हजर असायचीही गरज नाही, इतकी प्रगती क्रिकेटलाही साधलेली नाही. तिथे चाकं लेथवर कातून हलकी करणारे आहेत, ग्रॅफाइट सोडून तेलाकडे वळलेले आहेत, सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी झोप घालवणारे आहेत. आणि यांतलं काहीही तिथे लपवावं लागत नाही.

राहता राहिला बापलेकांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा, आणि तो मला खरा वाटतो. पण जिव्हाळा एका टेबलावर दोन ठोकळे असले तरी होतो. किंबहुना तेव्हाच होतो, कारण तेव्हा दोघांनाही एकच कानस हवी असते आणि मागून घ्यावी लागते. मुलाची गाडी मग वाकडी होईल, रंग ओघळलेला असेल, चाक डुगडुगेल, कदाचित अर्ध्या उतारावर बसकण मारेल. ती त्याची असेल. कब स्काउटमध्ये २०१८पासून मुलीही आहेत, तेव्हा हे आयांनाही लागू. न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात पुष्कळ मराठी इंजिनियर मंडळी आहेत, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या घरी यंदा तो ठोकळा येईलच. त्यांना एवढंच सांगणं आहे की खोका घरी आला की लगेच दुकानात जाऊन दुसरा घ्यावा, त्यावर मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव घालावं आणि पहिल्याला हात लावू नये.