काका गायला बसतात

गृहकर्ज फिटलं, मुलगी नोकरीला लागली आणि निवृत्ती चार-पाच वर्षांवर आली, की मराठी मध्यमवर्गीय गृहस्थ तीनपैकी एका मार्गाला लागतो. पहिला ट्रेकिंगचा, दुसरा होमिओपॅथीचा आणि तिसरा शास्त्रीय गाण्याचा. पहिल्यात त्याचे स्वतःचे गुडघे जातात, दुसऱ्यात शेजाऱ्यांवर प्रयोग होतात. तिसऱ्यात कुणाचं काही बिघडेल असं सुरुवातीला तरी वाटत नाही.

हे तिसऱ्या मार्गाचे काका डोंबिवलीत भेटतात, ठाण्यात भेटतात. कोथरुडात तर एकाच इमारतीत दोन भेटतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. नोकरी बँकेत, एलआयसीत, नाही तर पाटबंधारे खात्यात. ऑफिसात ऑडिटरला निरुत्तर करणारा हा माणूस गाण्याच्या क्लासला मात्र दहा मिनिटं आधी पोचतो आणि चपला नीट जोडून ठेवतो. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या. त्या यांना 'काका' म्हणतात, हे त्यांना 'बाई' म्हणतात. गुरुपौर्णिमेला काका वाकतात तेव्हा दोघंही क्षणभर ओशाळतात, मग बाई "राहू दे, राहू दे" म्हणत एक पाऊल मागे सरकतात आणि काका जमिनीला नमस्कार करतात.

सोसायटीला याबद्दल कुणाला बोल लावायचाच असेल, तर तो विष्णु दिगंबर पलुस्करांना लावावा. त्यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्यांच्या उंबऱ्याआडचं गाणं इयत्तांत, अभ्यासक्रमात आणून बसवलं. पुढे 1931 साली गांधर्व महाविद्यालय मंडळ निघालं आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांची शिडी गावोगावी पोचली. त्या शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर आज आठ-नऊ वर्षांची मुलं बसलेली असतात आणि त्यांच्यात आमचे काका. परीक्षेच्या दिवशी सगळ्यांच्या गळ्यात पाण्याच्या बाटल्या, काकांच्या हातात फाइल. दाराशी बसलेला माणूस विचारतो, "कुणाला घेऊन आलात?" काका खालमानेने स्वतःचा बैठक क्रमांक दाखवतात. आत गेल्यावर परीक्षकच उठून उभे राहतात. त्यांना वाटतं, मंडळाकडून कुणी तपासणीला आलं.

पण काकांची खरी ओळख गायक म्हणून करून घेण्याआधी श्रोता म्हणून करून घ्यायला हवी. कारण पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तिथे आहे. आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी 1953 साली पुण्यात जो महोत्सव सुरू केला, त्याला काका डिसेंबरात न चुकता हजर असतात. स्वेटर, मफलर, डब्यात पोळीभाजी आणि कान टवकारलेले. स्टेजवर कुणीही असो, काकांचा निकाल तयार असतो. "निषाद जरा उतरलाच." "विलंबितात जीव नव्हता." "तानेत दाणा कुठे होता?" शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी माणूसही तेवढ्यात "यांच्या वडिलांसारखं नाही हो" म्हणतो आणि दोघांची मैत्री होते. चूक सापडली की काकांना चहा प्यायल्यासारखी तरतरी येते.

आता असा माणूस स्वतः स्टेजवर बसला, की त्याला कशाची भीती वाटेल? समोरच्या दोनशे लोकांची नव्हे. त्या दोनशेंत दोनशे काका बसलेले आहेत, या कल्पनेची.

वस्तुस्थिती अगदी वेगळी असते. क्लासचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात असतो. सुरुवातीला लहान मुलं, शेवटी विशारदवाले, मधल्या सपाट प्रदेशात काका. आपलं मूल गाऊन झालं की आईवडील त्याला उचलून बटाटेवड्याकडे निघतात. ज्यांच्या मुलाचा नंबर यायचाय ते त्याचे केस विंचरत असतात. उरलेले मोबाइल उभा धरायचा की आडवा या विवंचनेत. काकांच्या गाण्याला खरोखर कान देऊन बसलेल्या व्यक्ती दोनच असतात, बाई आणि काकू. आणि त्या दोघींनी ते आधी पुष्कळदा ऐकलेलं असतं. पण हे काकांना कोण सांगणार? त्यांची तयारी सवाईच्या शेवटच्या दिवसाची असते.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी घरातून दही हद्दपार होतं. मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, खडीसाखर, कंकोळ यांचा मारा सुरू होतो. घसा तर उत्तम असतो, बिघडतं भलतंच. नाव पुकारलं की शरीराला वाटतं वाघ आला. ॲड्रेनलीन सुटतं, काळीज धडधडतं, तोंडाला कोरड पडते, श्वास छातीच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसतो. वाघापासून पळायला ही योजना उत्तम आहे. मांडी घालून खर्ज लावायला ती निरुपयोगी. रोज बारा-बारा सेकंद टिकणारा षड्ज त्या दिवशी तिसऱ्या सेकंदाला थरथरतो आणि काकांना खात्री पटते, की हॉलभर बसलेल्या काकांनी ते टिपलं.

सल्ले खूप मिळतात. काकू म्हणतात, "डोळे मिटून गा." काका डोळे मिटून गायले, तेव्हा तबलजीने भुवयांनी केलेल्या साऱ्या खुणा वाया गेल्या. मेहुणे म्हणतात, "समोर कुणी नाहीच असं समजा." हे सत्य आहे असं काकू मनात म्हणतात. काका स्वतः मोठ्यांच्या उदाहरणांनी धीर गोळा करतात. व्लादिमीर होरोविट्झ हा एवढा जगप्रसिद्ध पियानोवादक, त्यालाही स्टेजची धास्ती होती. 1953 ते 1965 अशी 12 वर्षं तो लोकांसमोर वाजवायला बसलाच नाही, मग कार्नेगी हॉलमध्ये परतला तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. ही गोष्ट ऐकून काकांना हुरूप येतो. काकूंना त्यातला 12 वर्षांचा भाग विशेष पटतो.

काकांचा पहिला कार्यक्रम भूप रागाचा. त्यांच्या आधी एक चिमुरडी काळी चारात गाऊन गेली होती आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा तिच्याच पट्टीत राहिला. काकांची पट्टी काळी एक. एवढं एक वाक्य बोलायचं, "जरा पट्टी बदला." पण ऑडिटरला गप्प करणारा तो आवाज त्या क्षणी जागेवर नव्हता. काकांनी सगळा भूप काळी चारातच, पण खालच्या सप्तकात म्हटला. अर्ध्या लोकांना वाटलं, काका अजून आवाज लावतायत. त्यात लय चढलेली. मुखडा नवव्या मात्रेवरून उचलायचा तो पाचवीवरूनच उचलला गेला. काकांची सम तेराव्या मात्रेवर आली, तबल्याची चार मात्रांनी मागाहून आली. घरी येताना रिक्षात कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी एक विद्वत्तेची फट शोधून काढली. भूपाच्या अवरोहात निषाद डोकावला होता ना, मग तो शुद्धकल्याण. यमनात चुकून शुद्ध मध्यम लागला तर यमनकल्याण. भीतीमुळे काकांचं रागज्ञान त्या वर्षी फार वाढलं.

बाईंनी मग हा रोग हातात घेतला. त्यांनी धैर्यावर भाषण दिलं नाही, कामं लावून दिली. पहिली दोन आवर्तनं इतकी घोटायची, की मन पळून गेलं तरी गळ्याने ती एकट्याने म्हणावीत. घरी रियाज सोफ्यावर नाही, सतरंजीवर मांडी घालून, झब्बा घालून, समोर काठीला बांधलेला खोटा माइक ठेवून. गायला बसल्यावर लगेच तोंड उघडायचं नाही. तानपुरा जुळेपर्यंत श्वास लांब सोडत राहायचं. घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष, म्हणजे काळीज आपसूक उतरतं. पट्टी स्वतः मागून घ्यायची, मोठ्याने. महिन्याच्या शेवटच्या रविवारी क्लासमध्ये सगळ्यांनी सगळ्यांसमोर गायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, चुकलं तर थांबायचं नाही, परत मागे जायचं नाही, चेहरा वाकडा करायचा नाही.

यातली शेवटची अट काकांना जड गेली. चेहरा वाकडा करणं ही त्यांची श्रोता म्हणून आयुष्यभराची कमाई होती.

एक गोष्ट बाईंच्या लक्षात आली होती. गणपतीत हेच काका आरतीला सगळ्यांच्या वर आवाज काढतात. तिथे कोरड नाही, थरथर नाही. शब्द चुकले तरी टाळीचा जोर कमी होत नाही. कारण आरतीत कुणी कुणाचा निषाद मोजत नाही. बाई म्हणाल्या, "काका, तसं गा." काका म्हणाले, "पण आरती ऐकायला कोण बसतं?" बाई नुसत्या हसल्या.

पुढच्या गुरुपौर्णिमेला यमन. काकांनी पट्टी मागितली, इतक्या जोरात की माइकवाल्याने दचकून आवाज कमी केला. स्थायी सुरळीत पार पडली. अंतऱ्याच्या तोंडाशी आले आणि शब्द गेले. नुसते अडखळले नाहीत. बंदिशीचे, रागाचे, बहुधा स्वतःच्या नावाचेही गेले. तबला चालू, पेटी चालू, काका बंद. तेवढ्यात मागे तानपुरा घेऊन बसलेली चौथीतली मुलगी, जी प्रारंभिकला काकांच्या शेजारी बसली होती, दबक्या आवाजात म्हणाली, "आकार, काका! आकार करा!"

ख्यालगायकीची ही दयाळू सोय आहे. नाटकात वाक्य विसरलं तर नट उघडा पडतो, भाषणात विसरलं तर वक्ता पाणी पितो. ख्यालात शब्द गेले तरी 'आ' शिल्लक असतो आणि त्या 'आ'वर गवई सप्तकभर हिंडून परत येऊ शकतो. काकांनी 'आ' लावला. गंधारावर टेकले, पंचमापर्यंत गेले, खाली उतरताना मुखडा सापडला आणि या वेळी नवव्या मात्रेवरच सापडला. समेवर आले तेव्हा तबल्याचा 'धा' आणि काका एकाच जागी होते. तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "वा!"

दाद देणारे आजोबा नातवासाठी आले होते. काकांनी त्यांना वड्यांच्या टेबलापाशी गाठलं आणि परीक्षकाच्या सुरात विचारलं, "नेमकं काय आवडलं?" आजोबा म्हणाले, "मला गाण्यातलं काही कळत नाही हो. पण तुम्ही मधे हरवलात आणि परत आलात, तेव्हा बरं वाटलं."

काकांनी वडा तसाच खाली ठेवला. म्हणजे सभागृहात चूक टिपायला नाही, तर माणूस परत येतोय का ते बघायला बसलेलेही लोक असतात! हा शोध त्यांना इतक्या उशिरा लागला, की तो त्यांनी फार मनावर घेतला. पुढच्या सवाईला त्यांचा निषाद-मोजणीचा कारखाना बंद होता. शेजारचा माणूस "यांच्या वडिलांसारखं नाही" म्हणाला, तेव्हा काका म्हणाले, "अहो, हे यांचं स्वतःचं आहे." त्या खुर्चीशी मैत्री झाली नाही. आणि गंमत अशी, की दुसऱ्याच्या चुका सोडून देऊ लागल्यावर स्टेजसमोरचे दोनशे काका एकेक करून उठून गेले. जीभ अजून थोडी कोरडी पडते, पण पाण्याच्या घोटाने भागतं.

आता अडचण निराळीच आहे. काकांनी दाद द्यायचं व्रत घेतलंय. क्लासच्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत बसतात आणि सहा वर्षांच्या मुलाने दुर्गा रागातला पहिला षड्ज लावला, की खणखणीत आवाजात "वा! क्या बात है!" म्हणतात. मूल दचकतं, गाणं थांबतं, खाली उतरून आईच्या पदरात तोंड लपवतं. गेल्या कार्यक्रमात अशी तीन मुलं उतरली. एकदा तबला जुळवतानाच काकांनी मान डोलावली आणि तबलजीने घाबरून हातोडी ठेवून दिली.

यंदाच्या पत्रिकेत बाईंनी तळाशी एक ओळ छापून घेतली आहे: 'लहान मुलांच्या गायनाच्या वेळी कृपया दाद देऊ नये.' काकांनी ती वाचली, चष्मा काढला आणि काकूंना म्हणाले, "बरोबर आहे बाईंचं. हल्ली लोक फार मोठ्याने देतात."