कोंबडीची वैद्यकीय रजा

साहेब आजारी पडले की रजा टाकतात आणि काम थांबतं. (ते थांबलंय हे कधीकधी कुणाच्या लक्षातही येत नाही, तो भाग निराळा.) लेअर कोंबडीला ही सोय नाही. तिला पिण्याच्या पाण्यातून औषध मिळतं आणि ते पीत पीत ती अंडी देत राहते. या कर्तव्यनिष्ठेची दखल केंद्राने २०१२ साली घेतली. औषध नियमांत दुरुस्ती झाली: शेवटच्या डोसनंतर किती दिवस अंडी, दूध, मांस विकायचं नाही, ते बाटलीवर छापा. छापलं नसेल तर अंड्यांसाठी किमान ७ दिवस, कोंबडीच्या मांसासाठी २८.

नियम सुरेख आहे. फक्त तो कोंबडीला कुणी कळवलेला नाही.

१०,००० पक्ष्यांची शेड धरा. दिवसाला ९,००० अंडी, सात दिवसांची ६३,०००; तीस-तीसचे २,१०० ट्रे. ते उकिरड्यावर ओतायचे कुणी? शेडवाल्याने. का? तर बाटलीवर बारीक अक्षरांत तसं लिहिलंय. ओतले की नाही हे बघणार कोण? तोच शेडवाला. खाद्याची उधारी आणि बँकेचा हप्ता डोक्यावर घेऊन त्याने इतकं सज्जन व्हायचं. अंड्यांचा भाव रोज जाहीर होतो. फेकलेल्या अंड्यांचा भाव अजून कुणी जाहीर केल्याचं ऐकिवात नाही.

त्यात बलकाची गंमत वेगळीच. तो एका रात्रीत होत नाही. दहाएक दिवस त्याच्यावर थर चढत असतात आणि त्या दिवसांत कोंबडीच्या रक्तात जे असेल ते थोडंथोडं आत जाऊन बसतं. शेडवाला रिकामी बाटली फेकून मोकळा होतो. बलकाला मात्र मागच्या आठवड्याचा डोस पाठ असतो. आणि उकडल्याने जंतू मरतात, औषधाचे अंश मरतीलच असं नाही.

कोलिस्टिनचंच घ्या. बाकीची अँटिबायोटिक हरली की अतिदक्षता विभागात शेवटी बाहेर काढतात, ते हे औषध. माणसाला त्याआधी डिपॉझिट भरावं लागतं. आपल्या कोंबड्यांना मात्र वजन वाढावं म्हणून ते खाद्यातून मिळत होतं. जुलै २०१९ मध्ये बंदी आली, तेव्हा कुठे ही चैन कागदोपत्री संपली.

सुजाण ग्राहकाने यावर आपल्यापुरता तोडगा काढलाय: दुप्पट पैसे मोजून तपकिरी अंडी आणायची आणि त्यांना गावठी म्हणायचं. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, औषधावर नाही, हे त्याला सांगून बघा, नाश्ता बिघडतो.

दीडेक वर्षात अंडी कमी झाली की कोंबडी निवृत्त. तिला २८ दिवस नुसतं बसवून खाऊ घालणारा मालक कुठे असेल तर त्याला पद्म पुरस्कार द्यावा. एरवी टेम्पो दारात उभाच असतो.

तपासणी होते, नाही असं नाही. नमुना प्रयोगशाळेत जातो. अहवाल येईतो त्याच ट्रेमधल्या बाकीच्यांची भुर्जी होऊन गेलेली असते. अहवाल वाईट निघाला तर नोटीस निघते, आणि ती शेडवर पोचेपर्यंत मुख्य आरोपी कुठल्यातरी ढाब्यावर कांदा-लिंबासकट हजर झालेली असते.